दृढीकरणाला कोणतं इंग्रजी बायबल द्यावं?

प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न असा: घरात वडिलांच्या काळचं किंग जेम्स (१६११ चं जुनं इंग्रजी भाषांतर) आहे, चर्चच्या मंडळीतला तरुण संघ ईएसव्हीशिवाय (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन) दुसरं काही हाती धरू देत नाही, मुलगी फोनवर एनएलटी (न्यू लिव्हिंग ट्रान्सलेशन) वाचते, आणि व्हॉट्सॲपवर संदेश आलाय की एनआयव्हीतून (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) वचनं गाळली आहेत. पुढच्या महिन्यात मुलीचं दृढीकरण (बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतः पक्का करण्याचा विधी) आहे आणि तिला इंग्रजी बायबल भेट द्यायचंय. तिची शाळा इंग्रजी, घरची भाषा मराठी. तर सगळ्यांत अचूक कोणतं?

मी सव्वीस वर्षं ग्रीक शिकवलं आणि त्यातली बरीचशी भाषांतरं तपासण्यात गेली. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: तिच्यासाठी एनआयव्ही घ्या, २०११ चं. वडिलांचं किंग जेम्स कपाटात जाऊ देऊ नका, तेही तिच्या टेबलावर राहू द्या. आणि मराठी बायबल या दोन्हींच्या शेजारी. असं का, ते जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण तुमच्या प्रश्नातल्या 'अचूक' या शब्दापाशीच खरी अडचण आहे.

पहिला शमुवेल, अध्याय २४ उघडा. राजा शौल दाविदाच्या मागावर आहे. वाटेत तो एका गुहेत शिरतो आणि नेमक्या त्याच गुहेत, आतल्या बाजूला, दावीद आणि त्याची माणसं दडून बसलेली असतात. शौल आत कशाला गेला? हिब्रूत आहे 'पाय झाकायला'. किंग जेम्सने तेच शब्द इंग्रजीत उतरवले. शब्दाला शब्द लावून पाहिला तर याहून अचूक काही नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं राजाला थंडी वाजली असेल, नाहीतर डुलकी काढायची असेल. खरं म्हणजे तो परसाकडे गेला होता. आपल्याकडे कुणी 'परसाकडे जाऊन येतो' म्हटलं तर तो बाग बघायला चालला असं आपण समजत नाही. हिब्रूतला शब्दप्रयोगही तसाच, लाज राखून बोलण्याचा. एनआयव्ही आणि ईएसव्ही दोघांनीही तो देहधर्मासाठी गेला हे सरळ सांगितलंय. म्हणजे इथे शब्द सोडला तेव्हा अर्थ हाती लागला.

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण, आणि यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

लूक, अध्याय २२, वचनं ३१ आणि ३२. शेवटच्या भोजनाची रात्र. येशू पेत्राला, म्हणजे शिमोनाला, म्हणतो, शिमोना, शिमोना, सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. 'तुम्हांला', आणि लगेच 'तुझ्यासाठी'. संकट बाराही शिष्यांवर आहे, बोलणं मात्र एकट्या पेत्राशी चाललंय, कारण पुढे त्यालाच भावांना धीर द्यायचा आहे. ग्रीकमध्ये हा फरक स्वच्छ दिसतो. आजच्या इंग्रजीत एकच 'यू', त्यामुळे तो पुसला जातो. ईएसव्हीत दोन्हीकडे नुसतं 'यू' आहे आणि खाली तळटीप की पहिलं अनेकवचनी आहे. तळटीप किती जण वाचतात? १९८४ च्या एनआयव्हीतही पहिल्या ठिकाणी तसंच होतं, दुसऱ्या ठिकाणी मात्र 'यू' नंतर शिमोनाचं नाव होतं. २०११ च्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं: पहिल्या ठिकाणी 'ऑल ऑफ यू' केलं. एनएलटीनेही 'ईच ऑफ यू' म्हणून वाट काढली. आणि किंग जेम्सला १६११ मध्ये काही करावंच लागलं नाही. त्यांच्याकडे अनेकांसाठी 'यू' होतं आणि एकासाठी 'दी'. सैतान 'यू'ला मागतो, प्रार्थना 'दी'साठी.

याच वचनाची माझी एक आठवण आहे. डहाणूकडच्या एका पाड्यावर आम्ही बोलीभाषेतल्या भाषांतराचा कच्चा मसुदा तपासत होतो. पद्धत सोपी असते: उतारा वाचून दाखवायचा, आणि ऐकणाऱ्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. आमच्या मसुद्यात 'चाळणे'च्या जागी 'पाखडणे' पडलं होतं. ऐकणाऱ्यांत एक वयस्क बाई होत्या, शाळेत कधी न गेलेल्या. त्या म्हणाल्या, "पाखडल्यावर कोंडा उडून जातो, दाणा सुपातच राहतो. मग सैतानाने यांचं भलंच केलं म्हणायचं. चाळणीत घाला त्यांना. चाळणीत दाण्याला आणि खड्याला सारखेच हादरे बसतात." ग्रीक शब्द चाळणीचाच आहे. आम्ही तिथल्या तिथे बदल केला. मग मी विचारलं, "सैतानाने कुणाला मागितलं?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांना. पण रदबदली एकट्याची केली, म्हणजे तोच पुढारी." इंग्रजी बायबल तोंडपाठ असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला की निम्मे जण 'दोन्हीकडे पेत्रच' असं उत्तर द्यायचे. त्या बाईंना वचन समजलं, कारण त्यांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे होते. तुमच्या मुलीच्या भाषेतही ते वेगळे आहेत. इंग्रजी वाचताना 'यू' कुणाला म्हटलंय अशी शंका आली की तिने मराठी उघडावं.

पुष्कळांना वाटतं किंग जेम्सचं 'दाऊ' आणि 'दी' हे आदरार्थी आहे, देवाशी बोलायची खास भाषा. ते तसं नाही. त्यात येशू सैतानालाही 'दी' म्हणूनच हाकलतो. ते साधं एकवचन आहे, आपण प्रार्थनेत देवाला 'तू' म्हणतो त्याच जातीचं.

तर मग किंग जेम्सच का देऊ नये? त्याची भाषा मला आजही हलवते, विशेषतः स्तोत्रं आणि यशया मोठ्याने वाचताना. त्याच्या नव्या करारातल्या कितीतरी ओळी मुळात विल्यम टिंडलच्या. त्याने १५२६ मध्ये नवा करार इंग्रजीत छापला आणि १५३६ मध्ये त्याला गळा आवळून जाळण्यात आलं. हे मी मुलांना दरवर्षी सांगायचो. आज आपण पाच भाषांतरं समोर मांडून निवड करतो, तेव्हा एका भाषांतरासाठी माणूस गेला होता हे लक्षात असावं.

पण जिला आजचं इंग्रजी येतं तिच्यासाठी किंग जेम्स फसवं आहे. अवघड शब्दांची भीती नाही, ते शब्दकोशात सापडतात. फसवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. 'प्रिव्हेंट' म्हणजे तिथे आधी पोहोचणं. 'लेट' म्हणजे थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात अडवणं. 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे वागणूक, आणि फिलिप्पैकरांस पत्रात तर नागरिकत्व. एका लहान मुलाच्या दफनविधीला मंडळीतल्या सोळा वर्षांच्या मुलाकडे इंग्रजी वाचन दिलं होतं, मार्क १०:१४. 'सफर द लिटल चिल्ड्रन टू कम अंटू मी.' वाचून झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. डोळे भरलेले. विचारलं, "सर, येशूकडे यायला लहान मुलांनी आधी सोसायलाच पाहिजे का?" 'सफर'चा तिथला अर्थ 'येऊ द्या' एवढाच आहे. तो मुलगा वाचायला उभा राहण्यापूर्वी कुणीतरी त्याला हे सांगायला हवं होतं, आणि तो कुणीतरी मी होतो. त्या दिवसापासून मी कुणाही तरुणाच्या हाती एकटं किंग जेम्स देत नाही.

आता व्हॉट्सॲपच्या संदेशाकडे येतो. तो दर दोन वर्षांनी फिरतो. मत्तय १७:२१, १८:११, मार्क ९:४४, योहान ५:४, प्रेषितांची कृत्ये ८:३७ अशी यादी असते, 'तुमच्या एनआयव्हीत शोधून दाखवा' असं आव्हान असतं, आणि उघडून पाहिलं तर ते क्रमांक खरंच नसतात. माणूस घाबरतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून हे नीट समजून घ्या.

वचनांचे क्रमांक प्रेषितांनी घातलेले नाहीत. नव्या कराराला ते रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले, त्याच्यापुढे जो ग्रीक मजकूर होता त्यावर. त्या मजकुराची पायाभरणी इरॅस्मस या डच विद्वानाने १५१६ मध्ये केलेली. त्याच्याजवळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच हस्तलिखितं होती, आणि तीही बऱ्याच नंतरच्या शतकांतली. प्रकटीकरणाची तर एकच प्रत, तीही शेवटचं पान नसलेली. ती शेवटची वचनं त्याने लॅटिनवरून पुन्हा ग्रीकमध्ये केली. किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी याच परंपरेतला ग्रीक मजकूर वापरला. तो त्यांचा दोष नाही, त्या काळी छापील मजकूर तोच होता. पुढे एकोणिसाव्या शतकात सीनाय पर्वताखालच्या मठातलं चौथ्या शतकाचं हस्तलिखित टिशेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाने जगापुढे आणलं, तेवढंच जुनं व्हॅटिकनचं हस्तलिखित नीट अभ्यासलं गेलं, आणि विसाव्या शतकात त्याहूनही जुने पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्रती) हाती आले. त्या जुन्या प्रतींत ही वचनं नाहीत.

मग ती आली कुठून? हाताने नक्कल करणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. मत्तय १८ लिहिताना त्याला लूक १९:१० पाठ असतं, मनुष्याचा पुत्र हरवलेल्यांना तारायला आला. तो समासात ते लिहून ठेवतो, मननासाठी. शंभर वर्षांनी दुसरा नकलनवीस समजतो की आधीच्याने ओळ गाळली आणि मग समासात भरली. तो ती ओळ मजकुरात घेतो. कुणाच्या मनात कपट नाही, दोघेही भक्तीनेच लिहीत होते. प्रेषितांची कृत्ये ८:३७ मध्ये कूशी अधिकारी बाप्तिस्म्याआधी येशू देवाचा पुत्र आहे असा विश्वास कबूल करतो. सुरुवातीच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या वेळी असा कबुलीजबाब घेत असत, आणि तोच तिथे उतरला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं.

एनआयव्हीने यातलं काही लपवलेलं नाही. पानाच्या तळाशी ते वचन दिलेलं असतं, 'काही हस्तलिखितांत असं आहे' या शब्दांत. ईएसव्हीतही यादीतली हीच वचनं तळटिपेत आहेत, पण त्या संदेशात ईएसव्हीचं नाव नसतं. आणि लूक १९:१० एनआयव्हीत जिथल्या तिथे आहे. येशू देवाचा पुत्र आहे, हेही पानोपानी आहे. ज्यांना जुनाच ग्रीक मजकूर धरून राहायचंय पण भाषा आजची हवी, त्यांनी १९८२ चं न्यू किंग जेम्स घ्यावं. त्यात मजकूर किंग जेम्सचाच आणि हस्तलिखितांतले फरक तळटिपांत. वडिलांच्या बायबलवर तुमचा जीव असेल तर हाही चांगला मार्ग आहे.

तुमच्या तरुण संघाबद्दल. ईएसव्ही चांगलं भाषांतर आहे. अभ्यासवर्गात मीही ते वापरलं, कारण ग्रीक वाक्याची चाल त्यातून बऱ्यापैकी दिसते. पण 'फक्त ईएसव्ही' म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी दाखवतो. पहिली, ते काही आकाशातून आलेलं नाही. २००१ मध्ये आलेलं ईएसव्ही म्हणजे १९५२ च्या आरएसव्हीची (रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन) सुधारून घेतलेली आवृत्ती. त्याच आरएसव्हीवर त्या वर्षी केवढा गदारोळ झाला होता, कारण यशया ७:१४ मध्ये 'कुमारी'च्या जागी 'तरुण स्त्री' असं आलं. हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री असाच होतो. 'कुमारी' हा अर्थ जुन्या ग्रीक भाषांतरातून येतो आणि मत्तयाने तेच उद्धृत केलंय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका पाळकाने ते पान भर सभेत जाळलं. आरएसव्हीने मत्तय १:२३ मध्ये 'कुमारी' कायम ठेवलं होतं, ते पान कुणी उघडून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. ईएसव्हीने यशयातही पुन्हा 'कुमारी' आणलं. दुसरी गोष्ट, २०१६ मध्ये ईएसव्हीच्या प्रकाशकांनी मजकूर आता कायमचा ठरला असं जाहीर केलं आणि थोड्याच आठवड्यांत तो निर्णय मागे घेतला. मला यात त्यांची नामुष्की वाटत नाही, चूक लक्षात आल्यावर मागे फिरणं प्रामाणिकपणाचंच. पण जे भाषांतर करणाऱ्यांनाच अंतिम वाटत नाही, त्यावरून मंडळीत दोन गट पाडू नयेत.

भाषांतरकाराची श्रद्धा शब्दांत कशी उतरते ते पाहायचं असेल तर रोमकरांस पत्र १६:१ पाहा. फीबी ही किंख्रिया गावातल्या मंडळीची 'दियाकोनोस' आहे, म्हणजे सेवक किंवा मंडळीतला पदाधिकारी, डीकन. फिलिप्पै १:१ मध्ये हाच शब्द आला की किंग जेम्स आणि ईएसव्ही दोघेही 'डीकन्स' म्हणतात. फीबीच्या बाबतीत दोघेही 'सर्व्हंट'. १९८४ च्या एनआयव्हीतही 'सर्व्हंट'च होतं, २०११ मध्ये 'डीकन' झालं. आपल्या मराठीत ती 'सेविका' आहे. इथे भाषा कुणाचीच चुकत नाही, शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. पण बाईला पदाधिकारी म्हणायचं की नाही, हा निर्णय भाषांतर करणाऱ्याने आपल्या मंडळीतल्या प्रथेकडे पाहून घेतलेला आहे, आणि तुमच्या मुलीला तो वाचता आला पाहिजे. माझं मत 'डीकन'च्या बाजूने आहे. पौल लगेच पुढे सांगतो की तिचं स्वागत करा आणि तिला लागेल ती मदत द्या. अधिकृत कामावर निघालेल्या माणसाची शिफारस अशीच लिहितात.

एनएलटीबद्दल फार बोलायला नको. ते १९९६ चं, वाचायला सोपं, कथाभाग त्यात छान वाहतो. तिने फोनवर वाचायचं ते वाचू द्या. फक्त रोमकरांस पत्रासारख्या ठिकाणी, जिथे पौलाचं एक वाक्य दहा ओळी चालतं, तिथे एनएलटी अर्थ फोडून देतं, म्हणजे समजावून सांगणाऱ्याचं मतही आपल्याला नकळत पोटात जातं. 'द मेसेज' तर एकट्या माणसाने आपल्या शब्दांत सांगितलेलं आहे, ते प्रवचनासारखं ऐकावं.

एक शब्द मात्र दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात, ३:१७ ला, भावाला गरजू पाहून जो आपली 'आतडी' बंद करतो त्याच्यात देवाची प्रीती कशी राहील, असं ग्रीकमध्ये आहे. किंग जेम्सने आतडी ठेवली, आणि आजचा इंग्रजी वाचक तिथे अडखळतो, कधी हसतो. एनआयव्हीने तिथे दया घातली. ईएसव्हीने आतड्याचं हृदय केलं. या तिघांपेक्षा मराठी माणूस मुळाच्या जवळ आहे. आपल्याकडे आतडं तुटतं, आतडं पिळवटतं, जीव लावणाऱ्याला आपण आतड्याचं माणूस म्हणतो. शुभवर्तमानात लोकसमुदायाला पाहून येशूला जे होतं त्याचं क्रियापद याच शब्दापासून आलंय, आणि आपल्या बायबलमध्ये तिथे 'कळवळा' आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते याच ओढीने, की शिक्षण न मिळालेल्या बाईलाही ते आपल्या आतड्यातून कळावं. मराठी बायबल तिसरं म्हणून जवळ ठेवा म्हणतो ते इंग्रजी न समजणाऱ्यासाठी नव्हे. कधी कधी इंग्रजी भाषांतरं पारखायला तोच सगळ्यांत चांगला काटा असतो.

तुमच्या पत्नीचं माहेर वसईचं, कॅथलिक घरचं, असं लिहिलंत. तिकडे विचारलं तर लक्षात ठेवा की कॅथलिक बायबलमध्ये ६६ नव्हे, ७३ पुस्तकं असतात, तेव्हा नुसतं ईएसव्ही किंवा एनआयव्ही त्यांना पुरं पडणार नाही. भारतात इंग्रजी मिस्साची (कॅथलिक उपासनेची) वाचनं २०२० पासून ईएसव्हीच्या कॅथलिक आवृत्तीतून होतात, तीच घ्यावी. त्यांच्या कपाटात मुंबईत २००८ मध्ये निघालेलं न्यू कम्युनिटी बायबल दिसलं तर नक्की चाळा. त्यातल्या भारतीय धर्मग्रंथांचे संदर्भ देणाऱ्या टिपांवरून वाद झाला आणि २०११ मध्ये सुधारित आवृत्ती आली, पण त्यातली साडी नेसलेल्या मरियेची रेखाचित्रं मला मनापासून आवडतात.

मुलीला पुढे अभ्यासाची गोडी लागली तर नेट बायबल म्हणून एक भाषांतर आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यात भाषांतरकारांच्या साठ हजारांहून जास्त टिपा आहेत, प्रत्येक ठिकाणी हाच शब्द का घेतला आणि कोणता सोडला ते सांगणाऱ्या. मला विद्यार्थिदशेत असं काही मिळालं असतं तर माझी पाच वर्षं वाचली असती. विद्यापीठातल्या अभ्यासाला एनआरएसव्ही (आरएसव्हीची नंतरची सुधारित आवृत्ती) लागतं, पण ते नंतर.

दुकानात गेल्यावर एवढं करा. एनआयव्ही हातात घेतलं की शीर्षकामागचं पान उलटा आणि स्वामित्वहक्काच्या सालांत २०११ आहे ना ते बघा. जुन्या साठ्यात आणि हातविक्रीत १९८४ ची प्रत सहज गळ्यात पडते. तळटिपा छापलेली प्रत घ्या, काही स्वस्त आवृत्त्यांत त्या काढून टाकलेल्या असतात. सोन्याच्या कडा आणि चामड्याची पुठ्ठाबांधणी नसली तरी चालेल, समास मात्र रुंद हवा, तिला पेन्सिलीने लिहिता आलं पाहिजे. आणि तिला बरोबर न्या. तिथेच लूक २२:३१ आणि ३२ काढून द्या, आणि सैतानाने कुणाला मागितलं ते तिला विचारा.